बेरीज जुळली, नावाचं काय?

आमच्या यवतमाळ जिल्ह्यात ‘ढग’ हा शब्द फार जपून उच्चारतात. मृगात तो आला तर बियाण्याची थैली फोडायची. आला नाही तर दुबार पेरणीला पैसा कुठून उभा करायचा याचा घोर. आता तोच शब्द ‘क्लाउड’ असं इंग्रजी नाव घेऊन तहसील कचेरीत, बँकेत, सेवा केंद्रात वावरू लागला आहे. ‘तुमचं रेकॉर्ड इथं नाही, वर आहे,’ असं काउंटरवरचा पोरगा सांगतो आणि समोरचा शेतकरी नकळत छताकडे पाहतो.

हा ढग असतो मात्र जमिनीवरच. मोठमोठ्या इमारती, आत थंडगार हवा आणि रांगेनं मांडलेले संगणक. ते दुसऱ्याच्या मालकीचे. आपण जेवढे वापरू तेवढं भाडं द्यायचं. मायक्रोसॉफ्टनं २०१५ मध्ये पुणे, मुंबई आणि चेन्नईत अशी केंद्रं उघडली, अ‍ॅमेझॉननं २०१६ मध्ये मुंबईत. केंद्र सरकारनं त्याआधीच, २०१४ मध्ये, स्वतःचा ढग उभारला आणि त्याचं नाव ठेवलं ‘मेघराज’. हे नाव सुचवणारा अधिकारी शाळेत मराठी नाही तर संस्कृत मन लावून शिकला असणार! महाराष्ट्रानं जानेवारी २०१८ मध्ये आपलं क्लाउड धोरण जाहीर केलं आणि सरकारी खात्यांच्या माहितीची वरची वाट मोकळी झाली.

त्याचे फायदे नाकारणं हा कृतघ्नपणा होईल. वाळवीनं खाल्लेली लेजरं मी पाहिली आहेत. छपरातून गळणाऱ्या पाण्यात शाई विरघळून चार पानांची मिळून एक निळी रांगोळी झालेलीही पाहिली आहे. एका सातबाऱ्यासाठी तलाठी साझ्यावर तीन-तीन चकरा मारणारा माणूस १ मे २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा घेऊ लागला, ही लहान गोष्ट नव्हे. माझी काळजी वेगळी आहे. वर जे चढवलं जातं, ते चढवण्याआधी त्याचं काय करतात?

दिवाळीनंतर वणी, राळेगाव, पांढरकवडा या बाजूला गेलात तर जिनिंगच्या फाटकाबाहेर कापसाच्या गाड्यांची रांग दिसेल. कापूस ओतला जातो, सरकी वेगळी निघते, रुई दाबून १७० किलोची गाठ बांधतात आणि गाठीवर क्रमांक पडतो. गाठ देखणी, मोजायला सोपी, कुठंही पाठवावी अशी. फक्त तिच्यात कुणाच्या वावरातला कापूस किती, हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. कापसाचं त्यानं काही बिघडत नाही, कारण चुकारा आधी झालेला असतो. माहितीची अशीच गाठ बांधली की मात्र बिघडतं, कारण इथं चुकारा नंतर व्हायचा असतो.

मी छत्तीस वर्षं बँकेत काढली. दिवसा व्हाउचरं, रात्री कादंबऱ्या. मी चिकटलो त्या सुमारास, १९८४ मध्ये, डॉ. रंगराजन समितीनं बँकांच्या यांत्रिकीकरणाची वाट आखून दिली होती. पण यवतमाळच्या खेड्यातल्या शाखेत ते वारं पोचायला बराच वेळ लागला. तोवर आमचा देव एकच: बॅलन्सिंग. महिनाअखेरीला साऱ्या खात्यांची बेरीज मारायची आणि ती जनरल लेजरच्या आकड्याशी जुळवायची. पाच पैशांचा फरक माणसाला रात्री अकरापर्यंत बसवून ठेवी. जुन्या लोकांचे ठोकताळे ठरलेले. फरकाला नऊनं भाग जातो? मग कुणीतरी ४५ च्या जागी ५४ लिहिलं आहे. फरकाच्या निम्मी रक्कम कुठं दिसते? मग जमेचं नावे पडलं आहे. या दोन किल्ल्यांनी निम्मी कुलपं उघडत.

पण एक चूक कुठल्याच किल्लीनं उघडत नसे. एका राठोडची रक्कम दुसऱ्या राठोडच्या खात्यावर गेली तर बेरीज तंतोतंत जुळते. बॅलन्सशीट हसत-खेळत मुख्य कचेरीत जाते, ऑडिटरही सही करून चहा पिऊन जातो. ती चूक सापडे फक्त खातेदाराला, तो पासबुक घेऊन काउंटरवर उभा राहिला की. ‘साहेब, हे पैसे माहे न्हाईत,’ असं आपणहून सांगणारी माणसंही मी पाहिली आहेत.

मग एका शाखेचा संगणक आला आणि त्यानंतर साऱ्या शाखा एका मोठ्या संगणकाला जोडणारी कोअर बँकिंग यंत्रणा आली. वहीतली माहिती आधी शाखेच्या साच्यात आणि तिथून मुख्य साच्यात ओतायची. या ओतण्याला ‘मायग्रेशन’ म्हणत. पक्षी हिवाळ्यात स्थलांतर करतात तेव्हा त्यांची नावं बदलत नाहीत. आमच्या खातेदारांची बदलली.

पुसद, दिग्रस, आर्णी, दारव्हा हा बंजारा तांड्यांचा पट्टा. एका तांड्यात एकाच नावाचे आणि एकाच बापाच्या नावाचे दोन राठोड असणं मुळीच नवलाचं नाही. तांड्याचा त्यात कधी गोंधळ होत नाही. एक नाल्याकडचा, दुसरा लिंबाखालचा. आमच्या एका जुन्या अकाउंटंटनं लेजरमध्ये अशा खात्यांच्या माथ्यावर पेन्सिलीनं तसं लिहूनच ठेवलं होतं: ‘नाल्याकडचा’. नव्या साच्यात नाव, पत्ता, जन्मतारीख या साऱ्यांना रकाने होते. पेन्सिलीला नव्हता.

जन्मतारखेचं तर विचारूच नका. मास्तरांनी शाळेत नाव घालताना सरसकट १ जून नाही तर १ जुलै लिहून टाकलेली पिढी अजून हयात आहे. तारखेवरून त्यांच्यातला फरक ओळखायचा म्हणजे पावसाच्या थेंबांना नंबर देण्यासारखं. बायकांच्या नावाची आणखी वेगळी कथा. बापाच्या वारसानं आलेल्या वावराच्या सातबाऱ्यावर माहेरचं नाव, कर्जखात्यावर सासरचं, आणि आधार कार्डावर त्या दिवशी शिबिरात सोबत गेलेल्या मुलानं जे सांगितलं ते. बाई एकच. संगणकाच्या लेखी तिघी.

मराठी अक्षरांचाही छळ झाला. त्या काळी प्रत्येक फाँटची आपली आतली बाराखडी वेगळी. ती युनिकोडच्या एका बाराखडीत आणताना जोडाक्षरं फुटायची. इंग्रजीतून जावं तर इंग्रजीत लिहिलेले ‘साखरे’ परत मराठीत येताना ‘सखारे’ होऊन येत. आणि जमिनीचं माप? एक एकर वीस गुंठे म्हणजे दीड एकर, हे इथलं पोरही सांगेल. वहीत ते ‘१-२०’ असं लिहिलेलं. टंकणाऱ्यानं मधल्या रेघेच्या जागी टिंब दिलं आणि झालं १.२० एकर. एकराचे चाळीस गुंठे, पण संगणक शंभरानं मोजतो. बारा गुंठे हवेत गेले. चोरी झाली आणि चोर कुणीच नाही!

सोळा-सोळा आकडी खाते क्रमांकांचीही अशीच गत. एक्सेलमध्ये साधा आकडा म्हणून भरला तर पहिले पंधरा आकडे राहतात आणि पुढच्यांचं शून्य होतं. शेवटच्या आकड्यापुरती वेगळी असलेली दहा खाती एकाच क्रमांकाची होऊन बसतात. यात कुणाची लबाडी नसते. साचा आपलं काम चोख करतो, एवढंच.

माझी पुतणी पुण्यात नेमकं याच कामात आहे. कंपन्यांची विखुरलेली माहिती गोळा करून, नीट करून, क्लाउडवर नांदती करायची. गेल्या दिवाळीत घरी आली तेव्हा तिला म्हटलं, मला समजेल अशा भाषेत सांग. ती म्हणाली, ‘‘काका, आधी कच्चा माल जसाच्या तसा वर नेऊन ठेवायचा. त्याला हात लावायचा नाही. मग त्याच्यावरून दुसरी वही बनवायची. त्यात जो बदल करू तो का केला, कुणी केला, कधी केला, याची नोंद राहते. उद्या चुकलं तर मागं जाता येतं.’’

‘‘आणि तपासणी?’’

‘‘चाचण्या लिहून ठेवतो ना. हा रकाना रिकामा नको. हा क्रमांक दोनदा यायला नको. या जागी ठरलेल्या चार शब्दांपैकीच एक हवा. आणि ज्या खात्याचा उल्लेख आहे ते खातं मुख्य वहीत असलंच पाहिजे. आधी सगळं वेगळ्या जागी, थोड्या माहितीवर चालवून बघायचं. पास झालं तरच खऱ्या जागी चढवायचं. मग रोज रात्री ते आपोआप चालतं, आणि एखादी चाचणी नापास झाली की तिथंच थांबतं.’’

म्हणजे व्हाउचर जपून ठेव, कच्च्यात मांड, चेकिंग कर, मग पक्क्यात चढव. नावं नवी, पण रीत आमच्या हेडक्लार्कांना पटली असती. मी विचारलं, ‘‘आणि हा राठोड तोच राठोड, याची चाचणी कशी लिहिता?’’

ती जरा थांबली. म्हणाली, ‘‘ती नाही लिहिता येत, काका. ते ज्याचं नाव आहे त्यालाच विचारावं लागतं.’’

या एका वाक्याची किंमत महाराष्ट्रानं २०१७ साली मोजली. त्याआधी २००८ ची केंद्राची कर्जमाफी झाली होती, ती बहुतांशी शाखांनी आपल्या वह्यांवरून केलेल्या याद्यांची. दोन हेक्टरांच्या आतल्यांना पूर्ण माफी आणि वरच्यांना एकरकमी भरल्यास पंचवीस टक्के सूट, हा निकष आमच्या कोरडवाहू मुलखाला जाचलाच. महालेखापरीक्षकांचा त्यावरचा अहवाल २०१३ मध्ये आला. नमुना म्हणून तपासलेल्या ९०,५७६ खात्यांपैकी बावीस टक्क्यांहून अधिक खात्यांत त्यांना चुका आढळल्या, काही ठिकाणी खाडाखोडही. तेव्हा सर्वांनी एकमुखानं म्हटलं: पुढच्या वेळी संगणकानं करू.

ती पुढची वेळ आली. १ जून २०१७ ला पुणतांब्यातून शेतकऱ्यांचा संप सुरू झाला आणि २४ जूनला मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीसांनी ३४ हजार कोटींची छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजना जाहीर केली; मर्यादा दीड लाखाची. अर्ज ऑनलाइन, नवरा-बायको दोघांची माहिती, आधार, अंगठा. सेवा केंद्रांसमोर पहाटेपासून रांगा लागल्या. दुसरीकडे बँकांना प्रत्येक कर्जखात्याची माहिती ६६ रकान्यांच्या तक्त्यात भरून द्यायची होती. या दोन प्रवाहांचा संगम संगणकात घडवायचा आणि त्यातून हिरवी यादी निघायची.

सहासष्ट रकाने! राष्ट्रीयीकृत बँकेकडे निदान खातं तरी संगणकात होतं. जिल्हा बँकेचं कर्ज जातं गावच्या विविध कार्यकारी सोसायटीमार्फत, आणि सभासदाचा खरा हिशेब गटसचिवाच्या हस्ताक्षरात. एका गटसचिवाकडे अनेक गावं. त्या वहीतून तक्त्यात, तक्त्यातून जिल्ह्याला, जिल्ह्यातून मुंबईला. मी तेव्हा निवृत्तीच्या दोन वर्षं अलीकडे होतो. रात्री दहा-दहापर्यंत शाखांचे दिवे जळत, आणि दर दोन दिवसांनी वरून फोन: किती टक्के झालं? किती बरोबर झालं, असं विचारणारा फोन मला तरी आठवत नाही.

१८ ऑक्टोबरला, ऐन दिवाळीत, राज्यभर समारंभ झाले; शेतकऱ्यांना प्रमाणपत्रं, साडी-चोळी, सत्कार. आणि त्याच आठवड्यात बँकांच्या लक्षात आलं की आलेल्या यादीत एकाच आधार क्रमांकावर अनेक शेतकरी आहेत, रकमा खात्यांशी जुळत नाहीत. यादी मागं घ्यावी लागली. पुतणीच्या चार चाचण्यांतली दुसरी, ‘हा क्रमांक दोनदा यायला नको’, एवढी जरी आधी चालवली असती तरी समारंभाची तारीख पुढं गेली असती आणि लाज राहिली असती.

त्या नोव्हेंबरात एक म्हातारी माझ्याकडे आली. कर्ज दुसऱ्या बँकेत, पण मुलगा कधी माझ्याकडे कामाला होता म्हणून. पदराच्या गाठीतून अर्जाची पावती काढली. ‘‘पाहा ना जी साहेब, यादीत नाव माहंच हाय म्हंते पोट्टं. पन पैसे त भलत्याच बाईच्या खात्यात दावते. काहून असं?’’ शेजारच्या गावात त्याच नावाची, नवऱ्याच्याही त्याच नावाची दुसरी बाई होती. बेरीज जुळलेली होती. त्या शाखेत गेलो तर तिथला तरुण व्यवस्थापक हात जोडून म्हणाला, ‘‘सर, मला दिसतंय की चूक आहे. पण दुरुस्तीचा हक्क माझ्या लॉगिनला नाही.’’ जुन्या काळी तांबड्या शाईनं खोडून, वर आद्याक्षरं घालून पाच मिनिटांत झालं असतं. तिचं प्रकरण पुढच्या उन्हाळ्याच्या शेवटी मिटलं. पण थकबाकीदार म्हणून नवं पीककर्ज मिळालं नाही, आणि पेरणी कुणासाठी थांबत नाही. तिनं बियाण्याचे पैसे कुठून आणले आणि कोणत्या व्याजानं, हे या जिल्ह्यातल्या वाचकाला सांगायला नको.

गंमत अशी की त्याच २०१७ साली, त्याच राज्यात, दुसऱ्या एका खात्यानं नेमकी उलटी वाट धरली होती. अडीच कोटींच्या घरातले सातबारे संगणकावर आणताना हस्तलिखित आणि संगणकीय प्रतीत फरक पडतोय हे महसूल खात्याला कळलं होतं. म्हणून मे महिन्यात चावडी वाचनाची मोहीम झाली. तलाठ्यानं गावात बसायचं, संगणकातला उतारा मोठ्यानं वाचायचा, आणि ज्याचं वावर त्यानं ऐकायचं. ‘माह्या विहिरीची नोंद कुठं गेली?’ ‘भावाचं नाव राहिलं की जी.’ आक्षेप लिहून घ्यायचे, दुरुस्त करायचे, मग पक्कं. सगळ्याच गावांत ते मनापासून झालं असं मी म्हणणार नाही. काही ठिकाणी वाचन झालं आणि ऐकायला कोतवालच होता. पण कल्पना किती साधी आणि किती जुनी! सही करता न येणाऱ्याला कर्जरोखा वाचून दाखवायचा आणि मगच अंगठा घ्यायचा, हा नियम आम्हा बँकवाल्यांना पहिल्या आठवड्यात शिकवत.

पुढच्या कर्जमाफीत हे थोडं उतरलेलं दिसलं. उद्धव ठाकरे सरकारनं २१ डिसेंबर २०१९ ला नागपुरात जाहीर केलेल्या महात्मा जोतिराव फुले योजनेत शेतकऱ्याला अर्जच भरायचा नव्हता. बँकांनी माहिती द्यायची, यादी गावात लावायची, प्रत्येक नावापुढे विशिष्ट क्रमांक आणि रक्कम. शेतकऱ्यानं ती पाहायची. मान्य असेल तर अंगठा, नसेल तर तक्रार. आणि पहिली यादी, २४ फेब्रुवारी २०२० ची, साऱ्या राज्याची नव्हती. जिल्ह्यागणिक दोन गावं, एकूण ६८ गावं आणि १५,३५८ खाती. पुतणीच्या भाषेत हीच ती ‘वेगळ्या जागी, थोड्या माहितीवर’ घेतलेली चाचणी. त्यानंतर मोठ्या याद्या लागल्या. महिन्याभरात करोना आला आणि अंगठे थांबले, तो दोष कुणाचाच नाही. या योजनेतही वगळलेले होतेच, दोन लाखांवरचे होते, नियमित फेडणारे वाट पाहत राहिले. ते धोरणाचे प्रश्न. त्यावर भांडता येतं. भलत्याच बाईच्या खात्यात गेलेल्या रकमेशी भांडायचं कसं?

आता हे सारं पुन्हा एका नव्या साच्यात ओतलं जात आहे. अ‍ॅग्रीस्टॅक योजनेतून प्रत्येक शेतकऱ्याला ओळख क्रमांक देण्याचं काम महाराष्ट्रात सुरू झालं आणि १५ एप्रिल २०२५ पासून कृषी खात्याच्या योजनांसाठी तो सक्तीचा झाला. एका माणसाचे सारे सातबारे त्याच्या आधारला जोडायचे. दोन्हीकडची नावं किती जुळतात याचे गुण संगणक देतो. ऑक्टोबर २०२५ मध्ये नागपूरजवळच्या आंदोलनानंतर, कर्जमाफीचा निर्णय ३० जून २०२६ पूर्वी घेऊ, असं सरकारनं सांगितलं होतं. अशी कुठलीही यादी या क्रमांकावरूनच निघेल हे उघड आहे. ज्याचे गुण कमी पडले तो त्या यादीत कुठं असेल?

म्हणून ज्यांचं वावर आहे त्या साऱ्या घरांना माझं सांगणं आहे की एक संध्याकाळ काढा. सातबारा, पासबुक आणि आधार कार्ड जमिनीवर शेजारी-शेजारी मांडा आणि कॉलेजातल्या मुलीला मोठ्यानं वाचायला सांगा. नाव, बापाचं किंवा नवऱ्याचं नाव, आडनाव, क्षेत्र. म्हाताऱ्यांना ऐकू द्या; चूक त्यांनाच कळेल. सातबाऱ्यातली लेखनाची चूक असेल तर महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम १५५ खाली ती दुरुस्त करून मागता येते, अर्ज तहसीलदारांकडे. बँकेतली असेल तर शाखेला लेखी द्या आणि पोच घ्या. पोच फार महत्त्वाची.

ओळख क्रमांकाच्या एका शिबिरात गेल्या हिवाळ्यात मी सहज बसलो होतो, दिग्रसकडच्या एका तांड्यात. शाळेच्या ओट्यावर लॅपटॉप, मोबाईलचं जाळं येत-जात होतं. साठीतला एक माणूस आला. आधारवर एक नाव, सातबाऱ्यावर त्याच नावात एक अक्षर कमी. मुलगा म्हणाला, ‘‘बाबा, मॅच होत नाही.’’ तो म्हणाला, ‘‘मीच हाय ना पन. इचार कोनालेही.’’ ओट्यावरचे दहाजण एका आवाजात बोलले, हो, हाच तो. मुलानं मान हलवली आणि पडद्यावरचा आकडा त्याच्याकडे वळवून दाखवला. तलाठी जवळच बसले होते. त्या पदाला २०२४ पासून ‘ग्राम महसूल अधिकारी’ म्हणतात, गाव अजून तलाठीच म्हणतं. त्यांनी कोरा कागद काढला आणि एकशे पंचावन्नचा अर्ज स्वतःच्या हातानं लिहायला घेतला.

‘‘किती दिस लागन, साहेब?’’

‘‘आधी पूर्ण नाव सांगा,’’ तलाठी म्हणाले, ‘‘हळूहळू सांगा.’’